गुरुवारचे डोंगर

पिंपरी, भोसरी, चाकणच्या बहुतेक कारखान्यांना सुट्टी गुरुवारी असते. विजेचा भार विभागण्यासाठी औद्योगिक वसाहतींना सुट्टीचे वेगवेगळे वार वाटून दिले गेले, त्यात या पट्ट्याच्या वाट्याला गुरुवार आला आणि तो कायमचा चिकटला. इथल्या कामगाराची त्यावरची तक्रार जुनी आहे. पोरांची शाळा रविवारी बंद, लग्नं रविवारी, गावाकडचे पाहुणे रविवारी येणार, आणि आपण मशीनवर उभे. तक्रार खरी आहे. पण या सुट्टीचा एक फायदा सहसा कुणी धरत नाही. पावसाळ्यातल्या रविवारी लोहगडाच्या पायऱ्यांवर पुढच्याच्या टाचेवर आपला पाय पडतो. गुरुवारी त्याच गणेश दरवाजात बसून डबा खाता येतो आणि मध्ये कुणी सेल्फीसाठी ‘जरा सरका’ म्हणत नाही.

ही वाटपुस्तिका त्या गुरुवारसाठी आहे. मावळातल्या भटकंतीवर पुस्तकं कमी नाहीत, काही तर उत्तम आहेत. पण ती बहुधा मुंबई-पुण्याच्या शनिवार-रविवारवाल्यांसाठी लिहिलेली. त्यांच्या वाचकाकडे चारचाकी असते, दोन दिवस असतात, महागडे बूट असतात. आमचा वाचक लातूर, बीड, जालना, यवतमाळहून आलेला, नाहीतर थेट बिहार-ओडिशाहून. कुदळवाडी, तळवडे, महाळुंगे, निघोजे इथे तिघा-चौघांत खोली घेऊन राहणारा. त्याच्याकडे एक दुचाकी असते, तीही दोघांत, किंवा लोकलचं तिकीट. दिवस एकच आणि त्यातली अर्धी सकाळ नाईट शिफ्टने खाल्लेली. दहा-दहा वर्षं या गावात काढूनही डोंगराशी त्याची ओळख कंपनीच्या बसच्या खिडकीतून होते तेवढीच. ज्याला पर्यटक म्हणावं तो खरा हाच, फक्त त्याला तसं कुणी म्हणत नाही.

पाहण्यासारखं आहे काय, तर ज्वालामुखीची भूमी. शहरभर लागलेल्या सहलींच्या जाहिरातींत मॉरिशस असतं, बाली असतं. ज्वालामुखी म्हटलं की निळा समुद्र आणि धूर सोडणारा शंकू डोळ्यांपुढे येतो. इथे समुद्र नाही, शंकूही नाही. सुमारे 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वी जमिनीला लांबच लांब भेगा पडल्या आणि त्यांतून लाव्हा आला. एकदा नव्हे, पुन्हा पुन्हा. एक थर पसरायचा, निवायचा, त्यावर माती धरेपर्यंत मधे काळ जायचा, मग पुढचा थर. आज उरलेलं हे लाव्हाचं पठार सुमारे 5 लाख चौरस किलोमीटरचं आहे आणि सह्याद्रीच्या बाजूला या थरांची एकत्रित जाडी दोन किलोमीटरच्या घरात जाते. लातूर-परभणीहून आलेल्या माणसाने घरची काळी माती आठवावी. ती याच खडकाची झीज आहे. तो परक्या मुलुखात आलेला नाही, त्याच दगडाच्या वरच्या अंगाला आला आहे.

आता गंमत पाहा. हा लाव्हा कुठून आला, याचं भूशास्त्रात सर्वाधिक मानलं जाणारं उत्तर असं की पृथ्वीच्या पोटात एका जागी खोलवरून उष्णता वर येत होती आणि उत्तरेकडे सरकणारा आपला भूखंड तिच्यावरून गेला. भूखंड पुढे निघून गेला, उष्णतेची जागा मागे राहिली. मधल्या काळात तिने समुद्रात मालदीवच्या बुडालेल्या रांगेचा पाया घातला, 80-90 लाख वर्षांपूर्वी मॉरिशस वर काढलं आणि आज ती रियुनियन नावाच्या फ्रेंच बेटाखाली आहे. तिथला ज्वालामुखी अजून जागा आहे. म्हणजे मधुचंद्राला मॉरिशसला जाऊन तिथल्या काळ्या खडकांवर फोटो काढणारं आकुर्डीचं जोडपं लोहगडाच्या धाकट्या भावाला भेटून आलेलं असतं.

त्या रियुनियनवर लोक करतात काय? मुख्यतः चालतात. बेटाच्या मधोमध माफात नावाचं डोंगरांनी वेढलेलं खोरं आहे. तिथल्या वस्त्यांना गाडीरस्ता नाही, पायी जायचं किंवा हेलिकॉप्टरने. वाटांवर रंगाच्या खुणा आहेत, मुक्कामाला साधी घरं आहेत. त्या बेटाचे डोंगर 2010 मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेले. आपला लोहगड मराठ्यांच्या बारा किल्ल्यांपैकी एक म्हणून 2025 मध्ये गेला. तो मान गडाच्या लष्करी बांधणीला मिळाला, पण ती बांधणी ज्या कड्यांच्या भरवशावर उभी राहिली ते कडे लाव्हाचे आहेत. फरक इतकाच की आपल्याकडे खुणा कमी आणि वाट विचारायला माणूस जास्त.

खडकाचं शास्त्र ऐकून कंटाळा येत असेल तर भोसरीच्या फाउंड्रीतल्या माणसाला सोबत घ्या. लोहगडाच्या वाटेवर हात टेकाल तिथे काही दगड घट्ट, काळाभोर, एकजीव दिसतो आणि काही दगड भोकाभोकांचा. भूशास्त्राचा विद्यार्थी त्यावर पानभर लिहील. ओतकाम करणारा माणूस एका शब्दात सांगतो, ‘ब्लोहोल’. साच्यात ओतलेल्या रसातला वायू वेळेत बाहेर पडला नाही की कास्टिंगमध्ये अशीच पोकळी राहते आणि जॉब रिजेक्ट होतो. लाव्हाचंही तेच. त्यातले बुडबुडे वर चढतात, वरचा भाग आधी थिजतो आणि ते तिथेच अडकतात. म्हणून भोकाळ दगड दिसला की आपण एखाद्या थराच्या माथ्यापाशी आहोत असं समजावं. बिडाचा रस ओतताना साधारण 1,350 अंशांच्या आसपास असतो. लाव्हा 1,100 ते 1,200 अंशांचा. इथला रस आपल्या भट्टीपेक्षा थंड होता, हे ऐकून फाउंड्रीवाल्याला जो आनंद होतो तो बघण्यासारखा असतो. पुढे कोट्यवधी वर्षांत त्या भोकांत पाणी झिरपलं आणि पांढरे, गुलाबी, हिरवट स्फटिक धरले. स्टिल्बाइट, अपोफिलाइट ही त्यांची नावं. पुण्याच्या आसपासच्या खाणींतले असे स्फटिक जगभरच्या संग्रहालयांत आहेत. वाटेत दिसले तर बघावेत, बोट फिरवावं, आणि हातोडी मात्र घरीच ठेवावी.

हे थर एकदा डोळ्यांत बसले की डोंगर वाचता येतो. घट्ट थराचा कडा होतो, ठिसूळ थराचा उतार. कडा, उतार, पुन्हा कडा अशी उतरंड मावळात कुठेही उभं राहून दिसेल. मधे जो सपाट पट्टा सुटतो त्याला इथे पदर म्हणतात, गडावर असला तर माची. लोहगड, विसापूर, तिकोना आणि तुंग या चौघांचे माथे हजार मीटरच्या थोडे वर, जवळपास सारख्या पातळीला आहेत. एकेकाळी सलग असलेल्या जमिनीचे हे उरलेले तुकडे. मधलं सगळं पवना-इंद्रायणीने वाहून नेलं. किल्ला बांधणाऱ्याला निम्मा तट निसर्गानेच दिला होता, त्याने फक्त जिथे कडा तुटतो तिथे भिंत घातली. लोहगडाचा विंचूकाटा बघा. लांबच लांब निघालेली डोंगराची सोंड, दोन्ही बाजूंना तुटलेला कातळ. माणसाचं काम तिथे कडेला तट घालण्यापुरतं.

पाण्याचंही तसंच. दोन थरांच्या सांध्यात बऱ्याचदा विटकरी लाल मातीचा पट्टा दिसतो. हा थर दोन लाव्हांच्या मधल्या विश्रांतीत तयार झालेला. मुंबईच्या वाटेवर घाटातल्या कापलेल्या दरडींत तो सहज ओळखू येतो. अशा सांध्यांवरून पाणी आडवं सरकतं आणि कड्याच्या पोटात झिरपा लागतो. जुन्या लोकांनी ते हेरून टाकी खोदली. तिकोन्यावर उन्हाळ्यातही टाक्यात पाणी बघून पहिल्यांदा आलेला माणूस चकित होतो. त्याने आपल्या गावची आटलेली विहीर आठवून बघावी, म्हणजे त्या खोदणाऱ्याची नजर कळेल.

लेण्यांबद्दल पुस्तिकेत एक पूर्ण भाग आहे, तो मी इथे पुन्हा सांगत नाही. कार्ल्याला गर्दी असते आणि ती रास्तच आहे, देशातलं सर्वांत मोठं चैत्यगृह आहे ते. भाजे मळवली स्टेशनवरून चालत गाठता येतं. पण मला विचाराल तर बेडसे. पायऱ्या चढून वर गेलात की समोर काहीच दिसत नाही, फक्त डोंगराचा उभा कातळ आणि त्यात एक अरुंद वाट. कोरणाऱ्यांनी पुढचा खडक तसाच उभा ठेवलाय. त्या बोळातून आत शिरलं की एकदम मान वर करावी लागते. चार प्रचंड खांब, त्यांच्या डोक्यावर घोड्या-हत्तींवर बसलेली स्त्री-पुरुषांची जोडपी. लेण्याचं तोंड पूर्वेला, त्यामुळे सकाळचं ऊन बोळातून आत येऊन खांबांच्या बुंध्यावर पडतं. भिंतीपाशी तिरपं बघितलं तर छिन्नीचे घाव दिसतात, ओळीने. टूलरूममध्ये काम केलेल्या माणसाने ते घाव बघावेत आणि दोन हजार वर्षांपूर्वीच्या त्या कारागिराला किती टॉलरन्स जमला होता ते आपलं आपण ठरवावं. एकाच अखंड दगडात कोरायचं, चूक झाली तर जोड लावायची सोय नाही.

घराजवळचे डोंगर मात्र लोक विसरतात. देहूरोडच्या पुढे जुन्या महामार्गालगतचा घोराडेश्वर, इंदोरीजवळचा भंडारा आणि चाकणच्या औद्योगिक पट्ट्याला लागून असलेला भामचंद्र, हे तीन डोंगर तुकोबांच्या चिंतनाच्या जागा म्हणून वारकऱ्यांच्या ओठांवर आहेत. तिन्हीकडे कोरलेल्या गुहा आहेत, तुकोबांच्याही कितीतरी आधीच्या. दुकान सांभाळणारा, दुष्काळात होरपळलेला गृहस्थ एकांत शोधत इथे यायचा. आज भामचंद्राच्या गुहेत बसलं तर खाली कारखान्यांची पत्र्याची छपरं लांबवर पसरलेली दिसतात. नाईट करून आलेल्या माणसाला एकांताची गरज काही वेगळी नसते. चाकण गावातला संग्रामदुर्गही असाच दुर्लक्षित. डोंगरावरचा नसून भुईकोट. 1660 मध्ये शायिस्तेखानाच्या अफाट फौजेपुढे फिरंगोजी नरसाळ्यांनी तो जवळजवळ दोन महिने झुंजवला. आज तट थोडाच उरलाय. तासाभरात बघून होतो, पण ज्या गावाच्या पत्त्यावर आपला पगार येतो त्या गावाचा एवढा इतिहास माहीत असायला हरकत नाही.

आता वादाचा मुद्दा. पावसाळा हा मावळ बघायचा सर्वांत सुंदर काळ आहे, आणि नवख्याने डोंगरात जायला सर्वांत वाईट. या पुस्तिकेत पहिल्या सगळ्या वाटा ऑक्टोबर ते फेब्रुवारी या काळासाठी दिल्या आहेत. त्यावर आमच्यात भांडणं झाली, पण ते तसंच ठेवावं असं मी आग्रहाने सांगितलं. लोणावळ्याला वर्षाला सरासरी चार हजार मिलीमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि तिथून पन्नासेक किलोमीटरवरच्या चाकणला सातशेच्या आसपास. खोलीतून निघताना आकाश उघडं असतं, म्हणून माणूस निर्धास्त निघतो. पण घाटमाथ्यावर तेव्हा आभाळ फाटलेलं असतं. कातळ पाणी पीत नाही. पडलेला पाऊस तसाच वाहत खाली येतो, आणि घोट्याएवढा ओढा काही मिनिटांत कमरेला लागतो. 30 जून 2024 ला भुशी धरणाच्या मागच्या धबधब्यात एकाच कुटुंबातले पाच जण वाहून गेले, ते असेच. 15 जून 2025 ला कुंडमळ्याचा जुना लोखंडी पूल गर्दीसकट इंद्रायणीत कोसळला आणि चौघांचा जीव गेला. दोन्ही दिवस रविवार होते.

कुंडमळा तळेगावजवळ आहे, म्हणजे आपल्या अगदी दारात. तिथल्या कातळात नदीने रांजणखळगे पाडलेत. भोवऱ्यात अडकलेले गोटे वर्षानुवर्षं एकाच जागी गरगरत राहिले आणि दगड खोल गोल कापला गेला. उन्हाळ्यात कोरड्या पात्रात उतरून ते जरूर पाहावेत. आत हात फिरवून बघा, भिंत इतकी गुळगुळीत की बोट कुठे अडकत नाही. आणि मग लक्षात येईल की पाण्याखाली हाच खळगा दिसत नाही, पाय सुटला तर धरायला काही नसतं, पट्टीचा पोहणाराही तिथे अडकतो. पाण्यात उतरू नका अशी पाटी वाचून जे पटत नाही ते इथे हात घालून पटतं.

कोरड्या दिवसांचे धोके वेगळे. ठिसूळ थर झिजून मुरूम होतो आणि मार्च ते मे त्यावर पाय घसरतो. आम्ही त्याला घसारा म्हणतो. चढताना काही वाटत नाही, उतरताना पँटची मागची बाजू झिजते. कड्यांना आग्या मोहोळं असतात. परफ्यूम मारून, शेकोटीचा धूर करून, आरडाओरडा करून ती उठवलीत तर पळायला जागा नसते. सेफ्टी शूज घालून डोंगरात येऊ नये, लोखंडी टोपीने उतारावर बोटं सोलवटतात. आणि नाईट शिफ्ट संपवून थेट तुंगाला तर मुळीच जाऊ नये. चढण तासाभराची, पण शेवटचा टप्पा उभा आहे आणि झोपाळलेला माणूस तिथे दुसऱ्याच्या अंगावर पडतो. आधी चार तास झोपा, मग जवळचा घोराडेश्वर करा. डोंगर कुठे जात नाही.

साहसाचे प्रकार पुस्तिकेत आहेत, पण हात राखून. कामशेतला पॅराग्लायडिंग पावसाळा सोडून चालतं. तिथे उतार, समोर मोकळं खोरं आणि पश्चिमेचा वारा असा योग जमून आलाय. प्रशिक्षित पायलटसोबत एकदा उडायला हरकत नाही, खिशाला परवडत असेल तर. खंडाळ्याच्या नागफणीवर दोराने उतरण्याचे कार्यक्रम होतात. नेणाऱ्यांना त्यांचा अनुभव विचारा, दोर आणि हेल्मेट बघा, विमा विचारा. मशीनला गार्ड आहे का ते बघूनच बटण दाबायची सवय आपल्याला लागलेली आहे, तीच इथे लावायची. ढाकचा बहिरी आम्ही मुद्दाम वगळला आहे. दोराला धरून कड्याच्या पोटातून जायची ती वाट आहे, ती पुस्तक वाचून करायची गोष्ट नव्हे. अडचण आलीच तर 112 लावा. लोणावळ्याच्या शिवदुर्ग मित्रसारख्या संस्थांची पोरं रात्री-अपरात्री अनोळखी माणसांना दरीतून वर काढतात, ती आपलं कामधाम सोडून येतात एवढं ध्यानात असू द्या.

पवनेच्या काठच्या तंबूंबद्दल दोन शब्द जास्त बोलतो. तुंग आणि तिकोन्याच्या मधला तो जलाशय म्हणजे पिंपरी-चिंचवडच्या नळाचं पाणी. धरण झालं तेव्हा गावं उठली. पुढे बंद जलवाहिनीने हे पाणी शहराला न्यायची योजना आली, शेतकऱ्यांचा विरोध झाला, आणि 9 ऑगस्ट 2011 ला द्रुतगती महामार्गावर बऊरजवळ पोलिसांच्या गोळीबारात तीन आंदोलकांचा मृत्यू झाला. आज त्याच काठावर रात्रभर स्पीकर वाजतो, बार्बेक्यू होतो आणि सकाळी बाटल्या पाण्यात तरंगतात. तंबूत राहण्यात वाईट काही नाही. चांदण्यात तिकोन्याचा त्रिकोण पाण्यात उतरलेला दिसतो, तो अनुभव ज्याने घेतला नाही त्याने घ्यावा. पण ज्या गावकऱ्याच्या शेतात तंबू लागलाय त्याला हा इतिहास तोंडपाठ आहे. आपणही तो माहीत करून घेऊन जावं, आणि आवाज कमी ठेवावा.

जेवण शक्य असेल तिथे गावातच घ्या. राजमाचीच्या उधेवाडीत, तिकोना पेठेत आधी फोन केला तर पिठलं-भाकरी, ठेचा, कांदा मिळतो. पैसे ठरवून घ्या, घासाघीस करू नका. तिथल्या बाईंना मावशी म्हणा, काकू म्हणा, पण ‘ओ मॅडम’ नको. मावळातली माणसं बोलायला लागली की वाट सांगतात, वाघजाईची जत्रा सांगतात, कुठल्या टाक्यातलं पाणी प्यावं आणि कुठल्या नाही तेही सांगतात. सप्टेंबर सरता सरता पठारांवर सोनकी फुलते, तेरडा फुलतो. कारवीचं मात्र नशीब लागतं, ती साधारण सात वर्षांनी एकदाच फुलते. फुलांत लोळून फोटो काढू नयेत, एवढं सांगितलेलं पुरे.

या पुस्तिकेतल्या वाटा चालून तपासलेल्या आहेत, पण मावळात रस्ते दर वर्षी बदलतात. कुठे बंगल्याचं कुंपण वाट अडवतं, कुठे दरड येते, कुठे गडावर वेळेचं नवं बंधन लागतं. एखादी वाट बंद दिसली, एखादं टाकं आटलेलं वा घाण झालेलं आढळलं, लोकलचं वेळापत्रक पुस्तिकेशी जुळलं नाही, तर शेवटच्या कोऱ्या पानावर तारखेसह लिहून ठेवा आणि पुस्तिका खोलीतल्या पुढच्या माणसाला द्या. आम्हालाही कळवा. पुढच्या आवृत्तीत दुरुस्ती होईल.